शनिवारचं लोखंड

हिंडलगा, बुधवार

ती. नागोजी अण्णांना मारुतीचा नमस्कार.

ताजी खबर आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. मी स्वतःच्या हातानं बनवलेली पहिली सुरी काल सकाळी भोपळ्यात वाकली. बातमी पक्की आहे. सुरी आणि भोपळा दोन्ही तुमच्या बहिणीच्या, म्हणजे आमच्या मंगलच्याच हातात होते, आणि ज्याच्याकडून लोखंड घेतलं त्या दुकानदारानंही दुपारी फोनवर तिला दुजोरा दिला. बाकी इकडे सर्व खुशाल. तुमचा खोकला कसा आहे? मालुवहिनींनी दिलेला काढा पिता, की मागच्या वेळेसारखा तुळशीला घालता? (तुळस वाळली होती, हे वहिनींनीच सांगितलं.) निपाणीकडं उन्हाचा ताप फार आहे असं ऐकतो. दुपारचे शेताकडं जाऊ नका.

आता तुम्ही विचाराल, निवृत्त माणसानं सुरी बनवण्याचं मनावर घ्यायचं कारण काय. कारण तुमची बहीण. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी तिला जमिनीवर बसायला कायमची बंदी केली, हे तुम्हाला माहीत आहेच. आई गेल्या, पण त्यांनी मंगलला लग्नात दिलेली विळी तेवढी आमच्याकडं होती. गंजून जाण्यापेक्षा वापरात राहू दे, म्हणून मंगलनं ती हळद-कुंकू लावून मालुवहिनींच्या स्वाधीन केली, तेव्हा तुम्हीही समोर होता. तेव्हापासून आमची सून ऋतिका ओट्याशी उभी राहून सुरीनं भाजी चिरते. मुलगी गुणाची आहे, मनानं निर्मळ आहे, फक्त तिच्या वांग्याच्या फोडी एवढ्या मोठ्या असतात की ताटात एक घेतली की दुसरीला जागा उरत नाही. मंगल खुर्चीत बसून बघते आणि काही बोलत नाही. अण्णा, मंगल काही बोलत नाही म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. लहानपणी ती रुसली की गोठ्यात जाऊन बसायची असं तुम्हीच सांगता. आता गोठा नाही, आणि गुडघ्यामुळं तेवढं चालवतही नाही, म्हणून स्वयंपाकघरातच बसते. बाजारातल्या चार तऱ्हेच्या सुऱ्या आणून दिल्या. प्रत्येक सुरी हातात धरून बघितली आणि परत ठेवली. "परकी वाटत्यात," एवढंच म्हणाली. मग मी ठरवलं, तिच्या हाताला बेतून आपणच एक करावी.

सुरी करणं अवघड नाही, असं फोनवरचे व्हिडिओ बघून वाटतं. अवघड आहे ते सामान कुठून घ्यायचं हे ठरवणं. या विषयावर ज्याला ज्याला विचारलं त्यानं वेगळं सांगितलं, आणि न विचारलेल्यांनी जास्त सांगितलं. आधी मी फोनवरूनच पोलाद मागवायला गेलो. तिकडं पोलादाला नाव नसतं, नुसते आकडे असतात, जेलमधल्या कैद्यांना असतात तसे (हिंडलग्याच्या जेलशेजारी राहिल्यामुळं मला हेच सुचतं). पलीकडच्या मुलीनं पत्ता घेताना विचारलं, "बेळगाव म्हणजे महाराष्ट्र की कर्नाटक?" मी म्हटलं, बाई, या प्रश्नावर भांडता भांडता म्हातारे झालेले लोक आमच्याकडं आहेत, तू पार्सल पाठव. तिनं फोन ठेवला. पार्सल अजून आलेलं नाही.

तोवर मुठीचं बघावं म्हणून लाकडाच्या वखारीत गेलो. वीतभर शिसवी लाकूड मागितलं. वखारवाला म्हणाला, एवढं कापायला करवत सुरू करणं परवडत नाही, अख्खी फळी न्या. आणली. आता आमच्या पडवीत एक अशी मूठ आहे की तिला शोभेल एवढं पातं करायचं तर हत्ती कापायला घ्यावा लागेल. येणारा-जाणारा तिच्यावर बसतो. शिकण्यासारखं एवढंच, की नवशिक्यानं मूठ आधी घेऊ नये.

मग कुणीतरी सांगितलं, ट्रकच्या पाट्याचं, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचं, पोलाद सुरीला उत्तम. जुन्या लोखंडाचा एक व्यापारी शोधला. तो म्हणाला, शनिवारी या, त्या दिवशी गाड्या मोडायला येतात. इथं घोळ झाला. शनिवारी घरात लोखंड आणायचं नाही, हा तुमच्या घराण्याचा नियम मंगलनं माहेराहून भांड्यांबरोबर आणला आहे. लग्नानंतर मी एकदा शनिवारी साधी खिळ्यांची पुडी आणली होती, तर ती रात्रभर बाहेर जास्वंदीला टांगून ठेवली होती. म्हणून मी युक्ती केली. शनिवारी पाट्याचा तुकडा घेतला आणि तो वडगावात माझ्या मित्राच्या, नागेंद्रच्या घरी ठेवला. म्हटलं, सोमवारी नेतो, म्हणजे लोखंड सोमवारचं. (नागेंद्र विणकर. त्याच्या घरात चालणारा माग असा हादरतो की चहाची बशी आपण धरली नाही तर शेजाऱ्याकडं जाते.)

सोमवारी गेलो तर घर हादरतच नव्हतं. माग चालू, पण बशी जागच्या जागी. नागेंद्र हात जोडून पुढं आला.

"मारुतीराव, लई उपकार झाले बघा. मागाच्या पायाखाली काय काय घालून बघितलं, पर हादरा ऱ्हायचाच. तुमच्या पट्टीला बाक हाय न्हवं, तो सगळा धक्का गिळतोय."

"अरे, पण ती सुरीसाठी आणली होती."

"सुरी काय, कवाबी हुतीय की. ह्यी आमची आई बघा, दोन रात्री झोपली शांत."

त्याची आई खरंच मागाच्या शेजारी झोपलेली होती, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी. मी चहा घेतला आणि हात हलवत परत आलो. मंगलनं विचारलं, कुठं गेलता? म्हटलं, नागेंद्रच्या आईची तब्येत बघायला. (हे खोटं नव्हतं.)

शेवटी एका बुधवारी, उजळ माथ्यानं, हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि चांगलं लोखंड मागितलं. दुकानदारानं चांगलंच दिलं, त्याची काही चूक नाही. गुळगुळीत, चकचकीत पट्टी. ते खिडकीच्या जाळीचं मऊ लोखंड आहे, त्याला पाणी चढत नाही, म्हणजे तापवून बुडवलं तरी ते कडक होत नाही, हे मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. तो काल म्हणाला, "तुम्ही खिडकी करताय असं वाटलं." मी मात्र महिनाभर कानशीनं घासून त्याला आकार दिला. मंगल झोपली की तिचा पंजा माझ्या बोटांनी मोजायचो. शेगडी पेटवली, वारा घालायला ऋतिकाचं केस वाळवायचं यंत्र घेतलं (ते आता वारा देत नाही, नुसता वास देतं), आणि लाल झालेलं पातं शेंगदाण्याच्या तेलात बुडवलं. असा धूर निघाला की शेजारच्या चंदनाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "आज भजी व्हय? आमच्याकडं पावणे आल्यात, थोडी जास्त घाला." मग ऋतिकानं उरलेल्या तेलात खरोखरच भजी तळली. थोडी लोखंडी लागली, पण पाहुण्यांनी मागून घेतली.

पातं निवल्यावर त्या फळीचा एक कोपरा कापून मूठ बसवली. आता काल सकाळ. भोपळ्याची फाक आणली, सुरी मंगलसमोर टेबलावर ठेवली. हातात दिली नाही, धारेची वस्तू हातात देत नाहीत, तेवढं मला कळतं. तिनं बराच वेळ बघितली. मूठ धरली. मग, अण्णा, तिनं काय केलं असेल? मूठ टेबलाच्या कडेला दाबून धरली, धार वर केली, आणि भोपळ्याची फाक दुसऱ्या हातानं त्या पात्यावर ढकलली. जशी विळीवर ढकलतात तशी. पातं शांतपणे मागं वळलं आणि भोपळा तसाच राहिला. मंगल हसायला लागली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा एवढी हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि मीही हसलो. पण तेव्हा मला कळलं की मी चुकीच्या गोष्टीसाठी बाजार फिरलो. लग्नाआधीपासून तिचा हात भाजी पात्याकडं नेतो. पातं भाजीकडं न्यायचं त्या हाताला ठाऊकच नाही. जगातलं सगळ्यात भारी पोलाद आणलं असतं तरी ती सुरी उलटीच धरली गेली असती.

असो. फार लिहिलं. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. काढा प्यावा.

तुमचा
मारुती

ता. क. — खरं म्हणजे एवढ्यासाठीच पत्र लिहायला घेतलं होतं, पण लिहिताना धीर झाला नाही. अण्णा, आईंची विळी परत मिळेल का? शिसवीची फळी टेबलाच्या उंचीला बसवून त्यावर ती पक्की करावी म्हणतो, म्हणजे मंगलला खुर्चीत बसून चिरता येईल. फळी जाड आहे, हलायची नाही. वहिनींसाठी इथून नवी, खवणीसकट विळी घेऊन देतो. दिलेली वस्तू परत मागितली हे मंगलला कळलं तर ती जेवायची नाही. म्हणून तुम्ही सहज आणल्यासारखं करा. पत्र पेटीत टाकायला ऋतिकाकडं देत आहे, ती विश्वासू आहे.

ता. क. २ — अण्णा, मी मंगल लिहितेय. ऋतिकानं पत्र मला वाचून दाखवलं. ती विश्वासूच आहे, पण कुणाची ते ह्यांनी विचारलं नव्हतं. विळी मी स्वतः मागितली नसती हे खरं. पण वहिनींचा परवाच फोन आला होता, ती त्यांच्याकडूनही नीट चालत नाही, तिला माझ्याच हाताची सवय आहे म्हणाल्या. तेव्हा घेऊन या. पात्याचं तोंड माझ्याकडं बसवायचं, हे ह्यांना तुम्ही सांगा, माझं ऐकायचे नाहीत. शनिवारी येऊ नका, लोखंड दारातच ठेवावं लागेल आणि तुम्हालाही. रविवारच्या सकाळच्या गाडीनं या. भाजी मी चिरणार, ऋतिका शेजारी बसून बघणार म्हणते. आणि ह्यांची वाकलेली सुरी मी टाकू दिलेली नाही. तव्यावरची भाकरी उलटायला इतकी बेताची वस्तू आजवर ह्या घरात नव्हती. रविवारी तुमची भाकरी मी तिनंच उलटणार आहे. ह्यांना तेवढं सांगू नका.