बस्कराचं इंग्रजी

१ मार्च १९५९

शरयूताईंकडे आजपासून इंग्रजी. तेही फुकट! टेलिफोन एक्सचेंजमध्ये मुली घेताहेत, मुलाखत इंग्रजीत असते. शाळेत त्याच मला शिकवायच्या. म्हणाल्या, "लता, तुझा आवाज छान आहे, मॅट्रिक झालीस. इंग्रजीचं मी बघते."

ताईंचे वडील वकील. हायकोर्ट जबलपूरला आलं, त्यामागोमाग नागपूरहून हे कुटुंबही आलं. घर मोठं, आत स्टुलावर काळा टेलिफोन, त्यावर भरतकामाचा रुमाल. पण तो मी दुरूनच पाहिला. ताईंच्या आईंनी, म्हणजे सुमनबाईंनी, माझं बस्कर व्हरांड्यात घातलं होतं. ताई आत, मी बाहेर, मध्ये उंबरा. सुमनबाई माझ्याशी थेट बोलत नाहीत. "शरू, तिला म्हणावं भिंतीला टेकू नको." मी समोरच बसलेली! मला मराठी कळतं हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

घरी बाबांनी विचारलं, "कुठं बसवलं वो तुले?" म्हटलं, दाराशी. म्हणाले, "दीक्षा घेतली तवा वाटलं होतं, आता सगळं बदलते. जाऊ दे. तू शिकून घे, बस्कर नको पाहू."

बाबांचं बरोबर आहे. पण त्या बस्करावर बसायचं मला आहे ना!

४ मार्च

धडा: जागा सांगणारे शब्द. नुसतं 'आउटसाइड द डोअर' म्हणून भागत नाही. त्याच्या पुढे छोटे शब्द चालतात — जस्ट, राइट, ऑलमोस्ट. कधी मोजमाप चालतं — अ फूट, टू फीट, अ फ्यू इंचेस. दोन्ही एकदम आले तर क्रम ठरलेला, वरातीसारखा. आधी बँड, मग वऱ्हाडी, मग नवरदेव. 'जस्ट अ फूट आउटसाइड द डोअर.' 'अ फूट जस्ट' म्हटलं की ताई कानांवर हात ठेवतात. आणि 'राइट'चं मोजमापाशी मुळीच जमत नाही. तो एकटाच येतो, थेट दाराला भिडतो.

ताई म्हणाल्या, डोळ्यांसमोर आहे त्याचं वाक्य कर. केलं. 'आय सिट जस्ट अ फूट आउटसाइड द डोअर.'

"व्हेरी गुड!" ताई खूश. वाक्य अगदी बरोबर होतं. इतकं बरोबर की माझं मलाच लागलं.

८ मार्च

आज गंमत. ताईंनी नवी रीत काढली. त्या इंग्रजीत हुकूम करणार, मी तसं करून दाखवायचं. पहिलाच हुकूम — 'सिट जस्ट इनसाइड द डोअर.'

मी बस्कर उचललं, उंबरा ओलांडला, बसले. सुमनबाई स्वयंपाकघरातून आल्या. "शरू! हे काय?"

"धडा आहे, आई."

सुमनबाईंना इंग्रजी येत नाही. धड्याला हरकत कशी घेणार? "मग धडा झाला की जागेवर," म्हणाल्या. अर्थातच ताईंना.

ताई मुद्दाम करतात की त्यांच्या लक्षातच येत नाही? चेहऱ्यावरून काही कळत नाही. मास्तरणी पक्की!

१५ मार्च

बस्कर: टू फीट इनसाइड द डोअर.

१८ मार्च

बस्कर: हाफवे अक्रॉस द रूम. माझी प्रगती उत्तम आहे. सुमनबाईंची भुवई ऑलमोस्ट राइट अप टु द सीलिंग.

आई म्हणते, या नोकरीचं जमलं नाही तर वैशाखात कामठीच्या स्थळाला होकार देऊन टाकू. मुलगा बरा आहे म्हणे. असेल. पण मला कानाला टेलिफोन लावून बसायचंय. कामठीला जाऊन कोणाच्या भाकरी थापायच्या नाहीत.

२२ मार्च

आज 'राइट बिसाइड द टेलिफोन'. बस्कर स्टुलाला लागून. ताई पुस्तक आणायला माडीवर गेल्या, सुमनबाई सोवळ्यात देवघरात. आणि टेलिफोन वाजला! वाजतोय, वाजतोय. सुमनबाई आतून ओरडताहेत, "शरू, शरू!" मी उचलला. भोपाळहून कोणी पक्षकार होते. इंग्रजीत बोलले, मीही इंग्रजीत बोलले. निरोप घेतला, थँक यू म्हटलं, ठेवला.

वळले तर सुमनबाई दारात. पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहत होत्या.

मी आख्खा रस्ता हसत घरी आले.

२५ मार्च

टेलिफोन मेला!

गेले तर लाइनमन टेलिफोन उलटा करून बसलेला. आतून पाणी ठिबकत होतं. "माताजी, किसने नहला दिया इसको?" सुमनबाई देवघरात गेल्या त्या बाहेरच येईनात. त्या दिवशी मी घरी निघून गेल्यावर त्यांनी टेलिफोन धुतला होता — घंगाळभर पाण्यानं, वर तुळशीचं पानही फिरवलं असणार. बिचाऱ्याला सोवळं मानवलं नाही.

मला हसू आवरेना. पण ते टिकलं नाही. वकीलसाहेब कोर्टातून आले नि गरजले, "कोणी बिघडवला?" आतून सुमनबाईंचा आवाज आला, "त्या मुलीनं हात लावला होता."

म्हणजे खोटं काहीच नाही बोलल्या!

ताई मला फाटकापर्यंत पोचवायला आल्या. "लता, काही दिवस येऊ नको. आई जरा... तू समजून घे." खाली बघून बोलत होत्या. मुलाखत बारा दिवसांवर आली आहे आणि मी समजून घ्यायचं. नेहमी समजून घ्यायचं काम आमच्याकडेच का? राग आला. घरी येऊन रडले, मग भांडी घासली. भांड्यांचे हाल झाले.

२९ मार्च

बाबा कारखान्यातून आले, हातपाय धुतले, समोर बसले. तांब्या कानाला लावला. "हां. हालो. बोल." बाबांना इंग्रजी ओ की ठो येत नाही. पण मी अडखळले की तांब्या खाली ठेवून म्हणतात, "आवाज नाही आला. पुन्हा लाव."

६ एप्रिल

मुलाखत. आत बोलावलं. खोलीच्या मधोमध खुर्ची. मी दारातच थांबले. सवय! साहेब म्हणाले, "कम इन, कम इन! व्हाय स्टॉप जस्ट इनसाइड द डोअर?" वाक्यातला 'जस्ट' ओळखीचा निघाला, त्यानं धीर दिला. सरळ जाऊन बसले. खुर्चीवर.

त्यांनी विचारलं, भेडाघाटला धबधब्यापर्यंत कसं जायचं, फोनवर परक्या माणसाला सांगा. सांगितलं. ऑलमोस्ट अ माइल बियाँड धिस, राइट अप टु दॅट. वरात एकदाही चुकली नाही.

७ मे

नाव लागलं! आईनं कामठीला नकार कळवला. बाबा गल्लीभर पेढे वाटत फिरले, मग चौकातल्या पानवाल्यालाही.

ताईंना पेढे द्यायला गेले. ताईंनी घट्ट मिठी मारली. डोळ्यांत पाणी. मिठी फाटकाच्या जस्ट अ फूट आउटसाइड.

तरी शिकवलं त्यांनीच. हेही खरं, तेही खरं.

११ ऑक्टोबर

दुपारची पाळी. बोर्डावर दिवा लागला, नंबर पाहिला. तोच, आंघोळ घातलेला! 'नंबर प्लीज' म्हटलं. सुमनबाई. "बहनजी, नागपुर लगा दो, मेरी बहन बहुत बीमार है।" मग स्वतःशीच, रडत, "देवा, लागू दे रे." मी मराठीतच म्हटलं, "धीर धरा, लावून देते." लाइन लागत नव्हती. पुन्हा लावली, पुन्हा लावली. लागली. बहीण बोलली त्यांच्याशी.

१२ ऑक्टोबर

सुमनबाईंचा फोन, खास माझ्यासाठी. कालच्या मराठी बाईच हव्या म्हणाल्या. बहिणीला उतार आहे. "तुमचे उपकार विसरणार नाही हो. आपलं माणूस भेटलं. एकदा घरी याच, मी हातानं करून वाढते. आडनाव काय तुमचं?"

मी म्हटलं, "आत येऊन बसले की सांगते."

रविवारी जाणार आहे.