सुवास रिअल्टी प्रायव्हेट लिमिटेड

५ जानेवारी
रिटायर झालो म्हणजे काय माश्या मारायच्या? टिटवाळ्यात फ्लॅट घ्यायचे, भाड्याने द्यायचे. तेही कंपनी काढून. मोठी माणसं असंच करतात. (यूट्यूबवर तीन व्हिडिओ पाहिले. एक पूर्ण.) ग्रॅच्युइटीची एफडी माझ्या एकट्याच्या नावावर. कुणाला विचारायला नको. वासंतीला योग्य वेळी सांगू.

९ जानेवारी
वागळे इस्टेटला मितेश सीएकडे गेलेलो. म्हणाला, "काका, प्रायव्हेट लिमिटेडला दोन डायरेक्टर लागतात."
योग्य वेळ आली.

१० जानेवारी
वासंती म्हणते, डोंबिवलीतलं एक घर झाडताना तुमची कंबर धरते, टिटवाळ्यातली कोण झाडणार? बिचारीला व्हिजन नाही.

१८ जानेवारी
डिजिटल सहीसाठी तिच्या मोबाइलवर ओटीपी आला. देईना. बँकेने बजावलंय, कुणालाही द्यायचा नाही. म्हटलं, अगं, मी नवरा! म्हणाली, मेसेजमध्ये नवऱ्याला सूट लिहिलेली नाही.

१९ जानेवारी, दुपार
तोड काढली. तिला चेअरमन केलं. शोभेचं पद. लगेच ओटीपी मिळाला. माणसं हाताळणं हा माझा पहिल्यापासून हातखंडा.
मितेश फोनवर काहीतरी सांगत होता, मतं समसमान पडली तर चेअरमनला जादा मत असतं वगैरे. म्हटलं, अरे, आमच्या घरात मतं कधी समसमान पडलीच नाहीत.

१२ फेब्रुवारी
कंपनी झाली! पेढे वाटले. एफडी मोडून सगळी रक्कम कंपनीच्या खात्यात टाकली. बँकेतली निशा म्हणाली, काका, व्याज बुडेल, विचार करा. पगारी माणसं. कधी मोठी व्हायची?

२३ फेब्रुवारी
टिटवाळ्याला सॅम्पल फ्लॅट पाहिला. सुरेख. चेअरमनबाईंनी थेट स्वयंपाकघरातला नळ सोडला. फुस्स. एजंट साईनाथ म्हणाला, काकू, पाणी मंजूर झालंय. वासंती म्हणाली, "मग मंजूर पाण्याचा चहा टाक बघू."
बायकांना बिझनेसमध्ये आणू नये ते यासाठी.

१ मार्च
पहिली बोर्ड मीटिंग. डायनिंग टेबलावर, मेथी निवडताना. ठराव: फ्लॅट घ्यावा. बाजूने मी. विरोधात ती. समसमान. मग तिने जादा मत टाकलं. ठराव फेटाळला. मितेशने तिला कधी सांगितलं कोण जाणे.
लगेच दुसरा ठराव, तिचा: कंपनीचा सगळा पैसा एफडीत ठेवावा. तो तिच्या जादा मताने मंजूर.

४ मार्च
बँकेत गेलो. निशा हसली नाही, हा तिचा मोठेपणा. मध्यंतरी व्याजदर उतरलेत. पूर्वी ही एफडी मी मनात येईल तेव्हा मोडू शकत होतो. आता कंपनीची आहे, बोर्डाचा ठराव लागतो.
संध्याकाळी मीटिंगचा वृत्तान्त स्वच्छ अक्षरात लिहून काढला. 'एफडीचा ठराव मंजूर. विरोधात मत: एक.' खाली माझी सही: मॅनेजिंग डायरेक्टर.
काही म्हणा, कंपनी नियमाने चाललीय.