यांना साखर चालते का?

४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. (साष्टांग कुबड्यांसकट समज.)

माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान बरं चाललंय. पण ‘रस्ता सर्वांचा’ समिती मी सोडतेय. पदपथावरून सगळ्यांना चालता यावं म्हणून भांडणारी ही माणसं सभा भरवतात तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही! मी धापा टाकत पोचले की अध्यक्ष माझ्या जिद्दीला टाळ्या वाजवायला लावतात. चहा आला की मला सोडून बेकरीवाल्या मावशींना विचारतात, हिला साखर चालते का. हरकत दर वेळी मीच घ्यायची, आणि ऐकायचंही मीच, की मनाला लावून घेऊ नकोस, आपली लढाई मोठी आहे. मावशी मग जिन्यात हळूच सांगतात, तुझंच बरोबर होतं. जिन्यातल्या पाठिंब्याचं काय लोणचं घालू?

लोभ असू दे, सल्ला नको.
तुझी भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

सल्ला नको म्हणतेस, म्हणून मीच येते. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केली, निवृत्तीनंतर आवाज नुसता गंजतोय. सभेला मला पाहुणी म्हणून ने. तू मात्र एक अक्षर बोलायचं नाहीस.

लोभ आहेच, सुट्टे परत मिळणार नाहीत.
आत्या

१८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या लेकीकडून कळण्याआधी माझ्याकडून ऐक. त्यांच्या अध्यक्षांना जाड भिंगांचा चष्मा आहे. मी उठून म्हटलं की चष्मा असूनही हे गृहस्थ आंदोलन करतात, केवढी ही जिद्द, वाजवा टाळ्या! लोकांनी वाजवल्याही. चहा आल्यावर बेकरीवाल्या बाईंना विचारलं, यांना साखर चालते का. ते उसळून म्हणाले, मला तोंड आहे, मलाच विचारा. मी म्हटलं, मनाला लावून घेऊ नका, आपली लढाई मोठी आहे. मग त्यांचे कान असे लाल झाले म्हणून सांगू! तेवढ्यात बेकरीवाल्या बाई उठल्या. एरवी जिन्यात कुजबुजायच्या ते सगळ्यांदेखत बोलल्या. मग समितीतले एक शिंपीही उठून तेच म्हणाले. तुझी लेक माझी बाही ओढत होती आणि डोळे पुसत होती.

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी लोभ चालू ठेव.
तुझी धाकटी

६ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

समिती सोडली नाही. सभा आता बेकरीच्या मागच्या खोलीत भरते, तळमजल्यावर. अध्यक्षांनी माफी मागितली, पण इतकी लांबलचक की मावशींनी आवरा म्हटलं. हरकत घ्यायच्या आता पाळ्या लावल्यात. काल कुणीतरी ‘लंगडी सबब’ म्हणालं, तर चौघं एकदम उठले आणि टेबलच उलटलं. मी आपली बसून होते.

नंतर मोर्च्याचा फलक जांभळा हवा म्हणून मी तावातावाने भांडले. मतदान झालं आणि मी सपशेल आपटले. टाळ्या नाहीत, कौतुक नाही. अध्यक्ष तर म्हणाले की इतकी भिकार सूचना या समितीत आजवर आली नव्हती. आत्या, घरी येईपर्यंत मी एकटीच हसत होते.

लोभ वाढव, आणि जांभळ्याच्या बाजूने एक मत पाठव.
तुझी भिंगरी