कडी लावायची खूण

१७ ऑक्टो.
लेकीला, काजलला, सुट्टीसाठी मूकबधिर शाळेच्या वसतिगृहातून आणलं. इंदापूर ते बारामती, मग पणदरे. एसटीत खिडकीपाशी बसूनही तिनं बाहेर बघितलं नाही. कोपर हिरवंनिळं. तिथले शिपाईमामा म्हणाले, "जिन्यावरनं पडली. बहिरं लेकरू, मागचं ढकलतंय ते कळत न्हाय." पटलं मला.

१९ ऑक्टो.
संध्याकाळी बुद्धवंदनेला बसलो की काजल शेजारी येऊन माझे ओठ बघते. आज आली नाही. लांबूनच मूठ आडवी सरकवली, कडी लावतात तशी. दोनदा. गार लागत असेल म्हणून उठून दाराला कडी घातली. पोर पिठाच्या डब्यामागं जाऊन बसली. तिची आई सुनीता म्हणाली, "कुत्र्याला भ्याली आसंल."

२० ऑक्टो.
परत तीच खूण. परत मी कडी लावली. ह्या वेळी तिनं कपडे ओले केले. अकरा वर्षांची आहे.

२३ ऑक्टो.
सुनीता मोबाईलवर तिला शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फोटो दाखवत होती. काजलनं शिपाईमामावर बोट ठेवलं, कडीची खूण केली. परत बोट, परत खूण. ही पोरं माणसाला नाव देतात ते खुणेनंच. मला मिशी, आईला कुंकवाच्या जागी बोट. हा कडीवाला.
मग कोपऱ्यात उकिडवी बसली. डोळे मिटून दोन्ही हात डोक्यावर.
ती दोन्ही वेळा त्याचं नाव सांगत होती आणि मी उठून कडी...
स्क्रू काढून कडी खाली उतरवली.

२८ ऑक्टो.
कोपराचं विचारायला मुख्याध्यापकांना फोन केला. "दहा तारखेला आणून सोडा, नायतर नाव कमी होईल. जवळपास दुसरी शाळा न्हाय, गायकवाड. इचार करून बोला." आवाज चढलेला नव्हता. त्याचीच भीती वाटली.
सुनीता : "घरी ठेवली तर शिकंल कुठं? आन् त्यांनी आपल्यावरच केस उलटवली तर?"


३१ ऑक्टो.
इंदापूरच्या समाजकल्याण कार्यालयात शिपाईमामाविरुद्ध अर्ज दिला. साहेब म्हणाले, मुलीला आणा, खुणांची भाषा येणारं माणूस बोलावतो. स्टँडवर मागून कुणीतरी "ओ गायकवाड!" म्हणालं. वळून न बघता चालू एसटीत चढलो. कोण होतं कळलं नाही.

६ नोव्हें.
बोलावलेलं माणूस म्हणजे त्याच शाळेतल्या बाई. तालुक्यात दुसरं कुणी नाही म्हणे.
काजलनं खुणांनी सगळं सांगितलं. कडीवाला. कोपरा. डोक्यावर हात. बाई टेबलाकडे बघत म्हणाल्या, "खोलीत करमत नाही म्हणते. घरची आठवण येते."
साहेब लिहू लागले.
मी उठलो. "साहेब, ह्यो अर्थ न्हाय."
"तुम्हाला येते का ही भाषा?"
खोटं बोलणार नाही, हे शील रोज वंदनेत म्हणतो.
"न्हाय."
"मग बसा."
बसलो. काजल माझ्या तोंडाकडे बघत होती. मी काय बोललो ते तिला कळलं नाही. बसलो ते दिसलं.

८ नोव्हें.
बाहेरून माणूस बोलवा, असा दुसरा अर्ज. "बघू," म्हणाले.

१२ नोव्हें.
काजलला पाठवलं नाही. नाव कमी केल्याचा निरोप आला.
डेअरीवरून आलो की ती मला शिकवते. पाणी, म्हैस, कुठं, कोण. माझ्या जाड बोटांना हसते. अकरा वर्षं मी तिच्याशी नुसता मोठ्यानं बोलत होतो.
आज शिकवता शिकवता थांबली. कडीवाला केला. मग तळहात जमिनीपासून कमरेइतका धरला, नंतर त्याहूनही खाली. तिच्यापेक्षा लहान, दोघी. एकीची खूण गालावर बोट, दुसरीची वेणी.
"कुठं?" हे मला हातानं विचारता येतं.
तिनं इंदापूरकडं हात केला.
शाळा परवाच उघडली.