सासऱ्यासमोरची खुर्ची

९ फेब्रु. १९९८, सोम.
पोशेऱ्याच्या पुढच्या गावी ग्रामसभेला गेले. पंचायतीच्या महिला सदस्यांना शिकवायचं काम घेतलंय, तर बघणंही आलं. जानी पावसाळ्यापासून सरपंच, आणि अजून जमिनीवर बसते. खुर्ची रिकामी. शेजारच्या बाकावर सासरा रावजी, आधीचा सरपंच. सासऱ्यासमोर सुनेनं उंचावर बसायचं नाही, ही इथली रीत. कार्यालयातसुद्धा.
म्हटलं, "इथं तू सून नाहीस."
"मंग कोन हाय, बाई? सभा उठली का यांच्याच घरी जायचं ना?"
सगळे हसले. रावजीही. मी नाही.

१० फेब्रु., मंगळ.
खरा प्रश्न विहिरीचा. मंजूर एकच. रावजींना ती वरच्या पाड्यावर हवी. खालच्या कातकरी पाड्यावरच्या बायका उन्हाळाभर ओहोळात खड्डे करून वाटीनं पाणी भरतात. जानीला तिथं हवी, पण हे मला एकटीला सांगते. सभेत गप्प.
उतरंड मला अमान्य नाही. कॉलेजात वादसभेत हेच मांडलं होतं: माणसं मोकळी सोडली की कुणी पुढे जातं, कुणी मागे राहतं. पण पुढे कोण, हे वयानं आणि नात्यानं आधीच ठरवून ठेवायचं, याला नैसर्गिक म्हणू नये. ती सवय. मत अजून तेच.

१६ फेब्रु., सोम.
आज दंड धरून जानीला खुर्चीत बसवलं. रावजी उठले. टोपी घातली, गेले. मागोमाग म्हातारे, त्यांच्यामागे सुना. माणसंच उरली नाहीत, सभा तहकूब.
जानी: "गेली ना इहीर, बाई. मामा बसले असते तर मी बोलली असती. आता कोनाला सांगू, बाकाला?"
माझं चुकलं नाही. घाई झाली, इतकंच.

२३ फेब्रु., सोम.
तहकूब सभा. जानी स्वतः सासऱ्याला घेऊन आली. ते बाकावर, ही खाली. मी तोंड मिटून. विहिरीचा विषय निघताच मान खाली घालून, पण मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल असं बोलली: "मामा, इहीर खालच्या पाड्यात करायची."
"घरात बोलली नायस."
"घरचं नाय ते, गावचं हाय."
"वरच्या बायकांनी काय घोडं मारलं?"
"वर एक हाय. तिच्यावर खालच्यांना कोन चढू देतो? खाली झाली तर आपल्याला कोनी नाय म्हननार नाय."
कुणी हसलं नाही. रावजींनी पुढच्या सोमवारपर्यंत मुदत मागितली. तिनं दिली. म्हणाली, "त्याच्या पुढं नाय."

२४ फेब्रु., मंगळ.
काल जानी एस.टी.पर्यंत सोडायला आली होती. म्हटलं, छान बोललीस, आता वर बस.
"बसते, तुमी सांगता तर. पन बाई, ते म्हंतात खाली, तुमी म्हंता वर. मला कोनी इचारलं?"
उत्तर होतं. गाडी आली.
खुर्ची पदाची असते, जानीची नव्हे. पद तिला मतांनी मिळालंय. हे उत्तर बरोबर आहे, आजही देईन. पण खुर्चीत बसली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, आणि काल जमिनीवरून सासऱ्याला अडवलं. याला मोकळेपणा म्हणायचं नाही तर काय? आणि म्हटलं, तर रिकाम्या खुर्चीचं काय?
सोमवारी जाते. रावजी वरच्या विहिरीसाठी माणसं जमवताहेत असं कळलं. या वेळी आधी तिलाच विचारीन, कुठे बसतेस. खुर्ची म्हणाली तर बरं. जमीन म्हणाली, तर काय करायचं, अजून ठरत नाही.