बुजवलेल्या गटारातले पांढरे दगड

दिनांक : ४ ऑगस्ट २०११

प्रति,
मा. विभागप्रमुख,
रस्ते व गटारे विभाग,
नगरपालिका, वार्नुपे, लिथुआनिया.

विषय : पाइनच्या वनातील ज्यूंच्या सामूहिक कबरीशेजारचे, यंदा बुजवलेले गटार उघडून त्यातील दगड काढू देण्याबाबत.

संदर्भ : माझा जूनमधील अर्ज, व त्यावर आपण पाठवलेली गाडीभर खडी.

महोदय,

आपण पाठवलेली खडी पोचली. चांगली धुतलेली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. ती माझ्या फाटकाशी पडून आहे, कृपया परत न्यावी. मी मागितले ते दगड निराळे. ते निराळे का, हे मागच्या अर्जात लाजेपोटी लिहिले नव्हते. आता लिहिते.

एकेचाळीस सालच्या ऑगस्टमध्ये गावातील सर्व ज्यू माणसांना, बायकापोरांसकट, आमच्या घरावरून त्या वनात नेण्यात आले व गोळ्या घालण्यात आल्या. नेणाऱ्यांत जर्मन थोडे आणि गावचेच जास्त होते, हे आपणासही ठाऊक असावे. रांगेत फेयगे शिंपीण होती. तिनेच माझ्या आईच्या लग्नाचा झगा शिवला होता. आई खिडकी लावून घेत असताना दोघींची नजरानजर झाली. आईने खिडकी लावलीच. लढाई संपल्यावर, कोणी सांगितलेले नसताना, ती दंताळे घेऊन त्या कबरीवर जाऊ लागली. "खिडकी लावली ती लावली, आता निदान झाडून तरी काढते," एवढेच म्हणायची. तिच्यामागे ते काम माझ्याकडे आले. कबरीवरची वाळू दंताळ्याने सारखी करून मी रेघा ओढते, काडी की खडा राहू देत नाही. खडा दिसला की आपल्याकडे लोक नावे ठेवतात, या मेलेल्याला कोणी वाली नाही म्हणतात.

फेयगेचा मुलगा नोतेल शुस्तेर तेवढा वाचला. दहा वर्षांचा होता, जवसाच्या पेंढ्यांत लपला होता. आता ऐंशीचा आहे, इस्रायलमध्ये हैफाला राहतो, आणि आपला देश स्वतंत्र झाल्यापासून दर ऑगस्टमध्ये येतो. तो येतो त्या दिवशी मी घराबाहेर पडत नाही. तोंड दाखवायची छाती होत नाही. खरे सांगायचे तर मीही खिडकी लावते. दुसऱ्या दिवशी झाडायला जावे तर वाळूवर पांढरे गुळगुळीत दगड पडलेले असायचे. पोराटोरांनी टाकले असतील, असे म्हणून मी ते गोळा करायची आणि शेजारच्या गटारात भिरकावून द्यायची. दरवर्षी. वर मनात म्हणायची, किती ही घाण करतात!

मे महिन्यात नोतेलची नात त्सिला त्याच्या मुक्कामाची सोय बघायला आली. माझ्याकडे पाणी मागितले, मी ताजे चीज आणि मध पुढे ठेवला. खाता खाता पोरगी म्हणाली, "आमच्यात कबरीवर दगड ठेवतात हो. गेलेल्यांना कळावं, की आपल्याकडे कोणीतरी आलं होतं. आजोबा हैफाच्या समुद्रावरून वेचून आणतात. पण तुमच्या गावात कुणाला तेही बघवत नाही. एकूणएक दगड नाहीसा होतो. आजोबा म्हणतात, मारून झालं तरी यांचा राग काही गेला नाही." मी "अगं बाई!" म्हटले आणि तिच्या ताटलीत आणखी मध घातला. दंताळे दाराआड उभे होते.

ती जाताच मी गटाराकडे धावले. आपल्या विभागाने एप्रिलमध्येच त्यात पाइप घालून वर काँक्रीट ओतले आहे. काम उत्तम आहे, एरवी मीच शाबासकी दिली असती. पाइपाच्या तोंडाशी पालथी पडून दंताळे आत घातले, तेव्हा एक दगड हाती लागला.

आपल्या कार्यालयातील बाबू मला हसले. "मावशी, दगडासाठी रस्ता फोडायचा? उद्या अंगठी पडली म्हणून नदी उपसायला सांगाल!" मग त्यांनी दगडांच्या मालकीचा पुरावा मागितला, आणि मृतांशी माझे नाते विचारले. मालक हैफाला आहे, आणि त्याचे दगड या गावातले कोणीतरी उचलते असे त्याला वाटते, ते खरेच आहे. नाते म्हणाल तर काही नाही. त्यांना नेले त्या वाटेवर आमचे घर आहे. शेजारीण वान्दा म्हणते, "कुठूनही पांढरे दगड आण आणि मांड, म्हाताऱ्याला काय कळतंय?" त्याला या गावाने एकदा फसवले तेवढे पुरे झाले.

तरी विनंती की, गटार फोडण्याची परवानगी मिळावी. पहार माझा जावई चालवील, नंतर काँक्रीटही आम्हीच करून देऊ. तेही नियमात बसत नसेल, तर त्या काँक्रीटवर पाटी लावावी : "कबरीवरचे दगड पेत्रोनेले गुदाइत्येने हिने येथे टाकले. रागाने नव्हे, स्वच्छता म्हणून." पाटी मी स्वतः रंगवीन.

त्याला सरळ सांगून टाका, असे आपण म्हणाल. सांगणारच आहे. २७ तारखेला तो येतो आहे, नात म्हणाली की बहुधा हे शेवटचेच. या वेळी मी खिडकी उघडी ठेवून दारात उभी राहणार आहे. पण रिकाम्या हातांनी कसे सांगू? आमच्या मनात राग नव्हता, हे कोणत्या तोंडाने म्हणू? माझ्या आईच्याही मनात राग नव्हता, भीती होती. फेयगेला त्याचा काय उपयोग झाला?

आपली नम्र, आणि दोषी,
पेत्रोनेले गुदाइत्येने
वनाकडच्या रस्त्यावरचे शेवटचे घर, वार्नुपे

सोबत :
१) जूनमधील अर्जाची प्रत.
२) पांढरा दगड, एक. खडीत आणि त्यात फरक काय ते दिसावे म्हणून जोडला आहे. निर्णय काहीही होवो, हा २७ तारखेच्या आत मला परत मिळावा. तोवर आपल्या टेबलावरच असू द्यावा, आणि कार्यालय झाडणाऱ्या बाईंना आधी सांगून ठेवावे. त्या फार नीटनेटक्या आहेत, मी पाहिले आहे.