प्रयागबाईचे हात

प्रिय गोरखदादा,

फोनच केला असता, पण तू मधेच ओरडतोस आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून कागद. आधीची दोन पत्रं फाडून टाकली. हे लिहितानाही चारदा उठले.

प्रयागबाईला तू रानातून हाकललंस त्याला पंधरा दिवस झाले. वीस वर्षं आपल्या टोमॅटोची बगलफूट खुडणारी बाई! आणि तू चार बायकांसमोर म्हणालास, "तुझ्या तंबाखूनं माझा प्लॉट खाल्ला. उद्यापास्नं बांधावर पाय ठेवायचा न्हाई." आता पिंपरी पेंढारात तिला कुणी कामाला बोलवत नाही. लेकीकडे शिनोलीला जाऊन बसलीय. आई म्हणाली, जाताना रडलीसुद्धा नाही. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

तू विचारलं होतंस, एवढे फवारे मारूनही टोमॅटोवरचा हा विषाणूचा रोग हटत का नाही. अरे, विषाणू म्हणजे बुरशी नव्हे. त्याच्याकडे स्वतःचं काहीच नसतं. नुसती एक चिठ्ठी, वर प्रथिनाचं वेष्टन. फूट खुडताना झाडाला जखम होते, तिथून तो पेशीत शिरतो. पेशीत प्रथिनं बनवणारी यंत्रं असतात, रायबोसोम म्हणतात त्यांना. ती बिचारी समोर येईल ती चिठ्ठी वाचतात, कुणाची म्हणून विचारत नाहीत. आधी त्या चिठ्ठीच्या नकला काढणारं प्रथिन बनवून देतात, मग वेष्टनाचं. माल झाडाचा, मेहनत झाडाची, आणि पोरं त्याची! औषध मारशील तरी कशावर? यंत्रं तर झाडाचीच आहेत.

तंबाखूच्या पानातही हा विषाणू असतो आणि तंबाखू मळलेल्या हातांनी रोग पसरतो, हे औषधांच्या दुकानदारानं सांगितलं ते खोटं नाही. पण प्रयागबाई तंबाखूची पिशवी बांधावरच्या बाभळीला अडकवायची, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायची, रानाच्या पाया पडायची आणि मगच सरीत शिरायची. एवढं सोवळं कशाला गं, म्हणून मीच तिला चिडवायचे. तू हसायचास. राग आला की तुला काही म्हणजे काही आठवत नाही, राव.

रोग आधी विहिरीकडच्या दोन सऱ्यांत दिसला, असं तूच सांगितलंस. त्या सऱ्या प्रयागबाईनं खुडल्या नव्हत्या, दादा. त्या शनिवारी मी आले होते. सकाळी पुण्यात आमच्या प्रयोगशाळेत याच रोगाची पानं कुटली, तशीच धावतपळत एसटी पकडली आणि आल्या आल्या लाडानं म्हणाले, आज मी खुडते. हात धुतले नाहीत. तू तपासायला पाठवलेल्या पानांतली विषाणूची चिठ्ठी प्रयोगशाळेच्या कुंड्यांतल्या विषाणूशी अक्षरन् अक्षर जुळली. तीनदा तपासलं. येत्या रविवारी मी शिनोलीला जातेय, तिच्या पाया पडायला. तूही ये. आणि ज्यांच्यासमोर तिला बोललास त्या चौघींनाही गाडीत घालून आण, त्यांच्यासमोरच मला सांगायचंय, की तो प्लॉट मी खाल्ला.

अजून म्हणशील तर, तुझीच
हर्षाली